‘व्हीलॉक्स लॅटिन’, सातवी आवृत्ती: संस्कृत येणाऱ्याने कसं वापरावं, आणि कुठे विश्वास ठेवू नये

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत पदवीसाठी परकीय भाषेची अट असते, कुठे दोन सेमिस्टर, कुठे तीन-चार. स्पॅनिश, फ्रेंच, जपानीच्या यादीत खाली कुठेतरी लॅटिन असतं. दहावीपर्यंत संपूर्ण संस्कृत घेतलेली आपली मुलं तिथे थबकतात. संभाषणाची परीक्षा बहुधा नसते, सगळा भर वाचण्यावर आणि व्याकरणावर असतो, आणि ‘देवः देवौ देवाः’ घोकलेल्याला विभक्तीचं काय भय? हा हिशेब निम्मा बरोबर आहे. उरलेला निम्मा कुठे चुकतो ते या पुस्तकाच्या निमित्ताने नीट सांगता येतं, कारण इंग्रजी माध्यमातल्या कॉलेजांत पहिल्या दिवशी जी लॅटिनची पुस्तकं हातात पडतात, त्यांत हे फार जुनं आणि फार पसरलेलं आहे.

फ्रेडरिक व्हीलॉक हे न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवत. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेले सैनिक सरकारी मदतीवर कॉलेजात आले. त्यांना शाळेतलं लॅटिन नव्हतं आणि वेळही नव्हता. त्यांच्यासाठी केलेल्या टिपणांतून हे पुस्तक उभं राहिलं आणि १९५६ साली छापलं गेलं. पुढे रिचर्ड लाफ्लूर यांनी ते वाढवलं. सध्याची सातवी आवृत्ती २०११ची, हार्परकॉलिन्सची. मूळ गिऱ्हाईक कोण होतं हे लक्षात ठेवलं तर पुस्तकाचा स्वभाव कळतो: घाईतला, प्रौढ, व्याकरणाला न घाबरणारा विद्यार्थी. चित्रं, गाणी, खेळ यांना फारशी जागा नाही.

एकूण ४० प्रकरणं. प्रत्येकात आधी व्याकरण, मग वीसेक शब्द, मग सरावाची वाक्यं, मग रोमन लेखकांकडून घेऊन थोडी सोपी केलेली वाक्यं, मग एखादा छोटा उतारा. सातव्या आवृत्तीत पाँपेईच्या भिंतींवर लोकांनी खरडलेला मजकूरही आला आहे, मूळ अक्षरांच्या रेखाटनांसह. इ. स. ७९ साली राखेत गाडल्या गेलेल्या गावातले हे शिलालेख म्हणजे कुणाला मत द्या, कोण कुणावर प्रेम करतो, असला मजकूर. पुस्तकातला सर्वांत जिवंत भाग हाच. बहुतेक वर्गांत तो वेळेअभावी वगळतात, ही वेगळी गोष्ट.

सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं धरलं आणि परीक्षांचे आठवडे वजा केले, तर दोन सेमिस्टरमध्ये ४० प्रकरणं म्हणजे आठवड्याला जवळपास दीड प्रकरण. हा वेग कागदावर दिसतो तितका सोपा नाही. म्हणून अनेक ठिकाणी शेवटची दहा-बारा प्रकरणं तिसऱ्या सेमिस्टरमध्ये ढकलतात. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद मागून एवढं एक बघून घ्यावं: पहिल्या सेमिस्टरअखेर कितव्या प्रकरणापर्यंत जाणार. वीसच्या पुढे लिहिलं असेल तर त्या सेमिस्टरला दुसरा जड विषय घेऊ नये.

आता संस्कृतचा फायदा कुठे, ते नेमकं. पहिलं म्हणजे क्रियापद. ‘असणे’ची लॅटिन रूपं सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त. अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति शेजारी लिहिली की पाठ करायला काही उरतच नाही. द्विवचन नाही, हा बोनस. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया एकच, हा नियम चौथ्या प्रकरणात पुस्तक ठासून सांगतं. ‘फलम्’ चालवलेल्याला तो वाचायचीही गरज नाही. नवव्या प्रकरणात ‘ऊनुस’, ‘सोलुस’, ‘अलिउस’ अशी नऊ विशेषणं येतात, जी षष्ठी आणि चतुर्थीच्या एकवचनात सर्वनामासारखी चालतात. वर्गातले बाकीचे त्यांच्यासाठी आद्याक्षरांची युक्ती पाठ करतात. आपल्याकडे ‘एक’, ‘सर्व’, ‘अन्य’ हेच करतात, सर्वस्मै, अन्यस्मै. गट तोच, कारणही तेच.

सर्वांत मोठा फायदा मात्र अब्लेटिव्हचा, आणि तोच पुस्तक सर्वांत वाईट पोचवतं. संस्कृतमध्ये वेगळ्या राहिलेल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तीन विभक्ती लॅटिनमध्ये एकमेकींत मिसळून एक झाल्या. तिलाच अब्लेटिव्ह म्हणतात. व्हीलॉकमध्ये तिचे उपयोग १४, १५, १८, २०, २२ आणि २४ अशा प्रकरणांत तुकड्यातुकड्यांनी येतात, प्रत्येकाला वेगळं नाव, आणि विद्यार्थ्याला वाटतं की या दहा-बारा वेगळ्या गोष्टी आहेत. तसं नाही. वहीत तीन रकाने आखा. तृतीयेच्या रकान्यात: साधन (तलवारीने), सोबत, रीत. पंचमीच्या रकान्यात: जिथून निघालो ते ठिकाण, वियोग, आणि कर्मणी वाक्यातला कर्ता. तो तृतीयेत जाईल असं वाटतं, पण लॅटिन त्याच्याआधी ‘आ’ किंवा ‘अब’ म्हणजे ‘-पासून’ लावतं, म्हणून इकडे. सप्तमीच्या रकान्यात: ठिकाण आणि वेळ. ‘एओ दिए’ म्हणजे सरळ ‘तस्मिन् दिने’. चोविसाव्या प्रकरणातला तो प्रसिद्ध, भल्याभल्यांना अडवणारा अब्लेटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे आपली सति सप्तमी. ‘रामे वनं गते’ कळलेल्याला ‘उर्बे कप्ता’, शहर घेतल्यावर, कळायला दोन मिनिटं लागतात. बावीसाव्या प्रकरणात पुस्तक स्वतःच सगळ्या उपयोगांचा गोषवारा देतं. तो वहीतल्या रकान्यांत भरून टाकावा आणि मूळची नावं फक्त परीक्षेपुरती पाठ करावीत, कारण परीक्षेत नाव विचारतातच.

खरी सप्तमी अगदीच गेली असंही नाही. शहरांची नावं आणि ‘घर’, ‘खेडं’, ‘जमीन’ अशा दोन-चार शब्दांत ती शिल्लक आहे: रोमाए म्हणजे रोममध्ये, दोमी म्हणजे घरी. हे ३७व्या प्रकरणात येतं.

इथपर्यंत सगळं सुखाचं. अडचण अशी की पहिली बारा-तेरा प्रकरणं संस्कृतवाल्याला इतकी हलकी जातात की अभ्यासाची सवयच लागत नाही. मग घसरगुंडी होते ती तीन ठिकाणी.

पहिल्या जागेचं मूळ सातव्या प्रकरणातच आहे: तिसरं डिक्लेन्शन, म्हणजे नामं चालवण्याचा तिसरा गट. संस्कृतचा कोश प्रातिपदिक देतो, ‘राजन्’, आणि रूपं आपण करतो. लॅटिनचा कोश प्रथमा आणि षष्ठी देतो: रेक्स, रेगिस. नाव चालतं ते षष्ठीच्या अंगावर. कोर्पुस, कोर्पोरिस, इतेर, इतिनेरिस. नुसतं ‘इतेर’ पाठ केलेला विद्यार्थी ‘इतिनेरे’ वाचून कोशात ‘इतिनेर’ शोधत बसतो. दोन्ही रूपं आणि लिंग, तिन्ही एका दमात म्हणायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. नंतर लागत नाही. क्रियापदाचंही तसंच, चार रूपं: फेरो, फेर्रे, तुली, लातुम. पहिल्या पाठात ही चार रूपं नियमित असतात म्हणून मुलं एकच पाठ करतात आणि बाराव्या प्रकरणात, पूर्ण भूतकाळ आला की, मागची सगळी क्रियापदं पुन्हा पाठ करायची वेळ येते.

दुसरी जागा म्हणजे ‘एत’ने संपणारी क्रियापदं. ‘मोनेत’ हा दुसऱ्या गणाचा वर्तमानकाळ, ‘अगेत’ हा तिसऱ्या गणाचा भविष्यकाळ, ‘लाउदेत’ हा पहिल्या गणाचा विध्यर्थ. शेवट एकच, अर्थ तीन: सावध करतो, करील, स्तुती करो. क्रियापद कोणत्या गणाचं हे माहीत नसेल तर कोणतंही कोष्टक उपयोगाचं नाही. गण ओळखायचा तो दुसऱ्या रूपावरून: लाउदारे पहिला, मोनेरे (मधला ए दीर्घ) दुसरा, अगेरे (मधला ए ऱ्हस्व) तिसरा, आउदीरे चौथा. २८व्या प्रकरणातल्या विध्यर्थासाठी एवढंच लक्षात ठेवावं की खुणेचे स्वर क्रमाने ए, एआ, आ, इआ.

तिसरी जागा खास मराठी आहे. मराठीत ‘मुलाला पाहतो’ आणि ‘मुलाला देतो’ दोन्हीकडे ‘ला’. शाळेच्या व्याकरणात द्वितीया-चतुर्थीचे प्रत्यय बरेचसे सारखेच शिकवतात, त्यामुळे घाईत लिहिताना ‘पाहतो’च्या कर्मालाही चतुर्थी लागते. संस्कृत पक्कं असलेल्यांकडूनही होतं, कारण घाईत डोकं मराठीत चालतं. लॅटिनमध्ये ‘पुएरुम विदेत’, पण ‘पुएरो दत’. उपाय एकच: लिहून झाल्यावर ‘ला’ लागलेलं प्रत्येक नाम एकदा ‘बालकम्’ की ‘बालकाय’ असं विचारून तपासायचं. पुढे ३५व्या प्रकरणात ‘विश्वास ठेवणे’, ‘आज्ञा पाळणे’, ‘इजा करणे’ अशा क्रियापदांना खरोखरच चतुर्थी लागते, तेव्हा आधीची सवय पक्की नसेल तर दोन्हीकडे गोंधळ होतो. याच ‘ला’चा एक फायदाही आहे, तो सोडू नये. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे लॅटिनमध्ये शब्दशः तसंच, ‘मिही दुओ फ्रात्रेस सुन्त’. इंग्रजीत वाढलेल्या मुलांना इथे ‘असणे’ऐवजी ‘जवळ बाळगणे’ सुचतं. आपल्याला सुचतही नाही.

विभक्तींच्या क्रमाबद्दल एक सूचना. अमेरिकन पुस्तकं प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, अब्लेटिव्ह या क्रमाने चालवतात, संबोधन शेवटी. ब्रिटिश पुस्तकांचा क्रम वेगळा. आपल्या तोंडात तिसराच बसलेला. कोष्टक आपल्या क्रमाने लिहून पाठ करायचा मोह होतो, करू नये. वर्गातल्या चाचणीत रिकामी कोष्टकं त्यांच्या क्रमाने भरायची असतात आणि बाकी बरोबर असूनही रकाने चुकतात.

उच्चाराचा भाग पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे आणि बहुतेकजण तो ओलांडून जातात. व्हीलॉक प्राचीन उच्चार शिकवतं: क नेहमी क, ‘आए’ म्हणजे आइ, व हा ओठांचा. त्यामुळे सीझर ‘काइसार’ होतो. गोव्यात किंवा वसईत चर्चच्या गायनात लॅटिन म्हटलेल्यांच्या जिभेवर इटालियन वळणाचा उच्चार असतो, ज्यात काही ठिकाणी क चा च होतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण वर्गात एकच धरावा. मराठी तोंडाला इथे काही गोष्टी आयत्या मिळतात. त आणि द दंत्य, क-प-त यांत श्वास मिसळत नाही, जोडाक्षरं दाबून म्हणता येतात. ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष आणि ‘आनुस’ म्हणजे म्हातारी हा फरक अमेरिकन विद्यार्थ्याला कष्टाने करावा लागतो, आपल्याला नाही.

पण स्वरांत मात्र आपणच मार खातो. लॅटिनचा ऱ्हस्व अ आपल्या ‘अ’सारखा नाही, तो आखूड ‘आ’ आहे. (म्हणूनच वर ‘आन्नुस’ लिहिलं, काटेकोर देवनागरीत ‘अन्नुस’ लिहावं लागेल आणि मराठी वाचक ते चुकीचं वाचेल.) इ-उ ची लांबी आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारशी पाळत नाही, लॅटिनमध्ये ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक आणि ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र. ए आणि ओ यांची तर देवनागरीत एकच खूण आहे. ‘वेनित’ म्हणजे येतो आणि ‘वेनित’ म्हणजे आला, फरक फक्त ए च्या लांबीचा. म्हणून शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची युक्ती, जी सुरुवातीला फार सोयीची वाटते, ती पहिल्याच आठवड्यात सोडून द्यावी. रोमन अक्षरांत, दीर्घ स्वरांवरच्या आडव्या रेघांसकट लिहावं. पुस्तक या रेघा सगळीकडे काळजीने छापतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. ‘पोर्ता’च्या शेवटचा स्वर ऱ्हस्व तर प्रथमा, दीर्घ तर अब्लेटिव्ह, आणि कागदावर हा फरक त्या एका रेघेचा आहे.

आघाताचा नियम मात्र वृत्तं शिकलेल्याला एका वाक्यात सांगता येतो: उपांत्य अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्यावर. संयुक्ताक्षरापूर्वीचं अक्षर गुरू, हेही आपलंच.

वाक्य कसं सोडवावं याबद्दलचा सल्ला. अमेरिकेत शिकवतात की आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग बाकीचं. हा सल्ला इंग्रजी वाचणाऱ्यासाठी आहे, ज्याला क्रियापद दुसऱ्या जागी हवं असतं. मराठी वाचकाने तो खुशाल बाजूला ठेवावा. ‘मगिस्तेर पुएरीस लिब्रोस दत’: मास्तर मुलांना पुस्तकं देतो. क्रम जसाच्या तसा. लॅटिन वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत मनात मराठी लावायची आणि इंग्रजी उत्तर अगदी शेवटी लिहायचं. संबंधी सर्वनामांचंही हेच. ‘क्वी’ आणि ‘इस’ म्हणजे ‘जो’ आणि ‘तो’. सर्वनामाची विभक्ती पोटवाक्यातल्या कामावरून ठरते हा सतराव्या प्रकरणातला नियम ‘ज्याला पाहिलं, तो’ असं म्हटलं की सिद्ध होतो.

याचा सर्वांत सुंदर उपयोग २५व्या प्रकरणात. इथे वर्ग निम्मा होतो, म्हणजे मुलं विषय सोडून देतात. ‘तो म्हणाला की...’ हे लॅटिन ‘की’ने सांगत नाही, पोटवाक्याचा कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापद ‘-णे’ रूपात. वर त्या ‘-णे’ रूपाला तीन काळ, आणि ते काळ मुख्य क्रियापदाच्या तुलनेत मोजायचे. इंग्रजीत उतरवताना प्रत्येक वेळी काळ सरकवावा लागतो, तिथेच चुका होतात. मराठी वृत्तपत्र रोज हीच रचना वापरतं: ‘आपण येत असल्याचे त्याने सांगितले’, ‘आल्याचे सांगितले’, ‘येणार असल्याचे सांगितले’. दीक्सित से वेनीरे, से वेनिस्से, से वेन्तूरुम एस्से. तीन काळ, तीन रूपं, तंतोतंत. ‘से’ म्हणजे ‘आपण’, म्हणजे बोलणारा स्वतः; दुसऱ्या कुणाबद्दल असेल तर ‘एउम’. व्हीलॉकचं स्पष्टीकरण लांब आहे आणि ते इंग्रजीच्या अडचणी सोडवण्यात खर्ची पडतं. बातमीच्या मराठीतून गेलं तर प्रकरण एका बैठकीत संपतं. इंग्रजी लिहिताना मात्र ‘असल्याचे’ला भूतकाळात न्यायला विसरू नये, गुण तिथेच कापतात.

३४व्या प्रकरणातल्या डेपोनंट क्रियापदांना आत्मनेपद समजावं. रूप कर्मणीचं, अर्थ कर्तरीचा. ‘सेक्वितुर’ म्हणजे मागून जातो. ३९ व्या आणि २४ व्या प्रकरणांतला ‘-न्दुस’ प्रत्यय म्हणजे तव्य-अनीय. ३० वं (काळांचा अनुक्रम), ३१ वं (‘कुम’ची पोटवाक्यं) आणि ४० वं (भीतीची पोटवाक्यं) इथे मात्र संस्कृत मदतीला येत नाही. ‘तिमेओ ने वेनिआत’ म्हणजे तो येईल अशी भीती, ‘ने’ नकारार्थी असूनही. हे घोकावंच लागतं.

आता पुस्तकाचा दोष, आणि तो लहान नाही. वाक्यं सुटी सुटी आहेत. पहिल्या प्रकरणात ‘फेस्तीना लेन्ते’, सावकाश घाई कर. पुढे सिसेरो, सेनेका, पुब्लिलियस सायरस यांची वचनं, एकामागून एक. सद्गुण, दुर्गुण, मैत्री, राग, मृत्यू, पैशाचा लोभ. वीस प्रकरणं सुभाषितं वाचून विद्यार्थ्याला पाच ओळींची सलग गोष्ट वाचता येत नाही, कारण सुभाषितात संदर्भ नसतो आणि शब्द ओळखीचे वाटले की अर्थ अंदाजाने लावता येतो. विभक्ती न बघता ‘लोभ माणसाला मारतो’ असं लिहिलं की बहुधा बरोबर येतं. सलग मजकुरात हा अंदाज तिसऱ्या वाक्याला कोसळतो. संस्कृतच्या सुभाषितमालांवर वाढलेल्यांना ही सवय आधीच असते, म्हणून त्यांना धोका जास्त.

यावरचा स्वस्त इलाज म्हणजे ग्रोटन आणि मे यांचं अडतीस लॅटिन गोष्टींचं पातळ पुस्तक. व्हीलॉकच्या तिसऱ्या प्रकरणापासून प्रत्येकासाठी एक गोष्ट, त्या प्रकरणापर्यंतचंच व्याकरण वापरून. वर्गात लावलं नसेल तरी घ्यावं. स्वाध्यायाचं वेगळं वर्कबुकही मिळतं; रूपं पक्की असतील तर त्याची गरज नाही.

महाग पण खरा इलाज म्हणजे डॅनिश शिक्षक हान्स ऑर्बर्ग यांचं ‘फामिलिआ रोमाना’. ३५ प्रकरणं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं लॅटिनमध्ये, इंग्रजीचा एक शब्द नाही. एका रोमन कुटुंबाची गोष्ट, समासात चित्रं आणि खुणा, दीड हजारांहून जास्त शब्द. मराठी माध्यमातून गेलेल्या, इंग्रजी व्याकरणाच्या संज्ञांशी झगडणाऱ्या मुलाला हे पुस्तक खरंच समानतेने वागवतं. पण दोन्ही पुस्तकं प्रकरणाला प्रकरण जोडून वाचायला गेलं तर फसगत होते, कारण क्रम निराळा. कर्मणी प्रयोग ऑर्बर्ग सहाव्यातच आणतो, व्हीलॉक अठराव्यात. द्वितीया आणि ‘-णे’ रूपाची ती रचना तिकडे अकराव्यात, इकडे पंचवीसाव्यात. पूर्ण भूतकाळ मात्र उलटा: व्हीलॉकमध्ये बाराव्यात, ऑर्बर्गमध्ये एकविसाव्यात. म्हणून ऑर्बर्ग सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या सुट्टीत वाचावं, दहाएक प्रकरणं झाली तरी पुरे. सेमिस्टर सुरू झाल्यावर ते फक्त झोपण्यापूर्वी वाचायचं. एकट्या ऑर्बर्गवर कॉलेजची परीक्षा देऊ नये. मजकूर भराभर कळतो, पण ‘या शब्दाची सगळी रूपं लिहा’ म्हटल्यावर हात थांबतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रत्यय भरायचा स्वाध्याय आहे, तो लोक टाळतात आणि मग पुस्तकाला दोष देतात.

व्हीलॉकचं एक प्रकरण करायची रीत अशी असावी. पहिल्या दिवशी व्याकरण वाचून कोष्टकं न बघता लिहायची. दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या शेवटी दिलेला स्वतःचा स्वतः करायचा सराव, ज्याची उत्तरंही तिथेच आहेत. हा भाग अनेकांना माहीतही नसतो. त्यानंतरच प्रकरणातली सरावाची वाक्यं, कारण त्यांची उत्तरं पुस्तकात नाहीत आणि चुकीचं वळण लागलं तर कळायचं नाही. इंग्रजीतून लॅटिनमध्ये करायची दोन-तीन वाक्यं असतात, ती टाळू नयेत. रूप ओळखता येणं आणि घडवता येणं यात आठवड्याभराच्या अभ्यासाचा फरक आहे. शेवटी अडतीसातली गोष्ट, मोठ्याने. अनुवाद पुस्तकात ओळींच्या मध्ये पेन्सिलीने लिहू नये. लिहिला की डोळा पुन्हा लॅटिनवर जात नाही.

कोशासाठी शिकागो विद्यापीठाचं ‘लॉगिऑन’ फुकट आहे आणि चांगलं आहे. ‘व्हिटकर्स वर्ड्स’ कोणतंही रूप टाकलं की त्याचे सगळे संभाव्य अर्थ देतो, पण स्वरांची लांबी दाखवत नाही, त्यामुळे ‘वेनित’ टाकलं की येतो आणि आला दोन्ही मिळतात. निवड आपल्यालाच करायची, आणि पहिलंच उत्तर उचलणाऱ्यांचा गृहपाठ शिक्षक लांबून ओळखतात. डिकिन्सन कॉलेजने सर्वांत जास्त येणाऱ्या हजारेक शब्दांची यादी वेबवर ठेवली आहे; साधारण मजकुरातले सुमारे ७० टक्के शब्द तिच्यात बसतात. व्हीलॉकचे शब्द पाठ झाल्यावर या यादीतले राहिलेले वेगळे काढून सुट्टीत उरकावेत.

चाळीसाव्या प्रकरणानंतर पुस्तकात आधी सोपे केलेले आणि मग न बदललेले उतारे आहेत. तिसऱ्या सेमिस्टरला बहुधा सीझर किंवा सिसेरो, चौथ्याला व्हर्जिल असतो. सीझरचे शब्द कमी आहेत, पण ‘असल्याचे सांगितले’ पानोपानी, म्हणजे २५वं प्रकरण कच्चं असेल तर तिथे उघडं पडतं. व्हर्जिलच्या ओळीत सहा गट, प्रत्येक गट भ गणाचा किंवा दोन गुरूंचा, पाचवा बहुधा भ गणच, सहाव्यात दोनच अक्षरं. शब्दाच्या शेवटी स्वर किंवा म आला आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की आधीचा स्वर गळतो. तेवढं सांभाळलं की गण पाडायचा सराव असलेल्याला ओळ मोजता येते.

खरेदीचं थोडक्यात. वर्गासाठी सातवीच आवृत्ती, पेपरबॅक. कॉलेजच्या इतर पाठ्यपुस्तकांच्या मानाने किंमत सौम्य आहे. घरी स्वतः शिकणाऱ्याला २००५ची सुधारित सहावी जुनी मिळाली तर चालेल, प्रकरणांचा क्रम तोच आहे. पाँपेईच्या भिंती तेवढ्या मिळणार नाहीत. पण वर्गात सहावी घेऊन बसू नये: पानांचे आकडे जुळत नाहीत, काही वाक्यं बदलली आहेत, आणि गृहपाठ वाक्याच्या क्रमांकाने दिलेला असतो. संस्कृत अजिबात न शिकलेल्याने हे पुस्तक पहिलं म्हणून घेऊ नये. आधी ऑर्बर्गची दहा प्रकरणं, मग हे.